वय कुणी विचारलं नाही

पत्रक मी वाचलं ते केवळ माझा नंबर यायला वेळ होता म्हणून. दवाखान्यात माझ्यापुढे चार माणसं होती, पंखा एकच होता आणि तो त्या चौघांवर फिरत होता, भिंतीवरचा लहान मुलांच्या लशींचा तक्ता माझा दोनदा वाचून झाला होता. टेबलावर घडीची पत्रकं ठेवलेली. ‘परदेशी जाताय? या लशींचा विचार करा.’ वर एका आजीच्या मांडीवर बाळ, दोघांचेही गाल सारखेच गुबगुबीत. आफ्रिकेकडे जाणाऱ्यांना पिवळ्या तापाची लस, कुठे कावीळ, कुठे टायफॉइड, साठीला टेकलेल्यांना फ्लूची. हे सगळं मी दुसऱ्याच्या घरची लग्नपत्रिका वाचावी तसं वाचत गेले. शेवटच्या पानावर नवजात बाळाच्या घरी राहायला जाणाऱ्यांसाठी डांग्या खोकल्याची लस होती आणि तिच्याखाली दोन ओळी. मोठ्या मुलांमध्ये आणि मोठ्या माणसांमध्ये हा आजार पुष्कळदा नुसता रेंगाळलेला खोकला वाटतो. तान्ह्या बाळाला तो बहुतेक वेळा घरातल्याच कुणाकडून तरी होतो. मी पत्रकाची घडी घातली, पर्समध्ये ठेवलं, परत काढलं आणि त्या ओळी पुन्हा वाचल्या. घरातल्याच कुणाकडून तरी. माझ्या घशात खवखवलं आणि खोकला आला. साधा, घसा कोरडा पडल्याचा. पण मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, आणि शेजारची बाई सरकून बसली. खिडकीतल्या मुलीनं ‘विनीता मॅडम’ अशी हाक मारली तेव्हा मी उठले, तिला उद्या येते म्हणून सांगितलं आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर आले.

तशी मी सुईला भिणारी बाई नाही. मालवणच्या बाहेर, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर आमच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांना राहायला देतो. जेवण मी करते, बाकीचं हे बघतात. हे म्हणजे सुदेश, माझे यजमान, मुंबईची नोकरी संपवून इथे आले आणि तेव्हापासून पाहुण्यांना समुद्राची माहिती देतात, जी त्यांना स्वतःलाही नुकतीच कळलेली असते. आमची एकुलती एक मुलगी संचिता मेलबर्नला असते. एप्रिलच्या शेवटी तिचं बाळंतपण आहे आणि बारा एप्रिलचं माझं विमान. पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला. आम्ही मायलेकी एरवी मालवणीतच बोलतो, पण काही अवघड सांगायचं असलं की ती शुद्ध मराठीत शिरते, त्यामुळे पहिल्या वाक्यालाच मी हातातली पळी खाली ठेवली. आई रागावू नकोस, म्हणाली, इथे सगळ्यांनाच सांगतात, ही लस घेऊन दोन आठवडे झाल्याशिवाय बाळाला हातात देत नाहीत, कौस्तुभच्या आईनेसुद्धा घेतली. कौस्तुभ म्हणजे जावई. मला आधी राग आला आणि विहीणबाईंनी घेतली हे ऐकल्यावर जास्तच आला. मागे एक फ्रेंच जोडपं आमच्याकडे उतरलं होतं. सोलकढी पिता पिता त्यांनी सांगितलं होतं की इकडे यायचं म्हणून ते टायफॉइडची, काविळीची आणि कुत्रा चावला तर म्हणून आणखी एक, अशी इंजेक्शनं टोचून आलेत. ह्यांना हसू आलं होतं. मी मात्र दोन दिवस त्यांना तिसरा तळलेला बांगडा वाढला नव्हता. माझ्या हातचं खायला माणसं सुया टोचून येतात म्हणजे काय. आता माझ्यावर तीच पाळी आली होती, तीही माझ्याच नातवंडाला हात लावण्यासाठी. हा सगळा राग मी दवाखान्यात घेऊन गेले होते आणि तो कुठे विरला ते मला कळलं नाही. बाजारातून चालताना माझ्या अंगात एक मोठी शांतता उतरली होती, भीती वाटण्याच्या आधी येते तसली. मासळीवाल्या हाका मारत होत्या, मी त्यांच्याकडे बघून मान हलवत होते, आणि तोंडात मला आडुळशाच्या रसाची चव येत होती.

आडुळशाची पानं निखाऱ्यावर शेकून त्यांचा रस काढतात आणि वर गुळाचा खडा देतात. मला तो रस रुक्मिणीकाकी द्यायची. काकी म्हणजे माझ्या धोंडूकाकांची बायको. काका बोटीवर कामाला, दहा-दहा महिने यायचे नाहीत. खाडीपलीकडचं आमचं घर, आजोबा, बाबा, आई, काकी आणि मी. मी सात वर्षांची होते. आईला त्या पावसाळ्यानंतर मुलगा झाला, विनीताचा भाऊ म्हणून विनीत, पण घरात सगळे त्याला बाळा म्हणत. आई बाळाकडे झोपायची म्हणून मी काकीकडे झोपायला लागले, आणि मला ते आवडत होतं, कारण काकी झोपताना माझे तळवे चोळायची. काकी तेव्हा चोवीस वर्षांची असेल. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. थंडीत मला खोकला झाला. तो काही जाईना. दिवसा बरी असायचे, खेळायचे, शाळेत जायचे. रात्री मात्र उबळ आली की काकी मला उठवून बसवायची आणि पाठीवरून हात फिरवायची. दिवसा बरी असायचे म्हणूनच आई म्हणायची, विने, जरा बाळाक धर गो. मी मांडी घालून बसायचे. तो अडीच महिन्यांचा, त्याच्या टाळूला खोबरेल तेलाचा आणि दुधाचा वास यायचा. मी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हळूच फुंकर घालायचे. तो डोळे मिटून तोंड उघडायचा, आणि मग हसायचा. मी पुन्हा फुंकर घालायचे. पन्नास वर्षं हे माझं सगळ्यात लाडकं चित्र होतं. मन खट्टू झालं की मी ते काढून बघायचे, डब्यातली खडीसाखर काढावी तसं. जेटीवर येऊन मी कठड्याला धरून उभी राहिले आणि पहिल्यांदा मला ते बघवेना.

बाळाला खोकला लागला तो नऊ दिवस टिकला. खोकताना त्याचं तोंड आधी लाल व्हायचं, मग निळं, आणि मग तो श्वास ओढायचा त्याचा आवाज सगळ्या घराला ऐकू जायचा. दहाव्या सकाळी त्याला होडीतून पलीकडे डॉक्टरांकडे नेलं. होडी परत आली तेव्हा तो आईच्या मांडीवर होता तसाच होता, फक्त खोकत नव्हता. आईनं त्याला कुणाच्याही हातात दिलं नाही, आजोबांनी दोनदा मागितला तरी दिलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी आजोबांनी गावच्या देवळात कौल लावायचं ठरवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून विचारतात; उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी तिथे होते. काकीनं माझा हात धरला होता. आजोबांनी विचारलं, बाधा बाहेरची की घरातली. घरातली. पुरुषमाणूस की बाईमाणूस. बाईमाणूस म्हणून विचारलं आणि उजवी पाकळी पडली. मग कुणी काहीच विचारलं नाही. घरात आई होती आणि काकी होती. आई आपल्या पोराच्या वाईटावर असणार नाही. सगळ्यांनी काकीकडे बघितलं. त्याच वेळी मला उबळ आली, आणि काकीनं माझं डोकं धरून तोंड आपल्या पदरात दाबलं. त्या पदराला चुलीच्या धुराचा आणि आमसुलांचा वास होता. त्या वासात मी खोकले आणि बाहेर काही ऐकू गेलं नसावं. मला वाटलं, देवळात खोकू नये म्हणून काकी मला दाबतेय. चार दिवसांनी ती माहेरी बांद्याला गेली. आजोबा स्वतः पोचवायला गेले. काका बोटीवरून आले ते तिला आणायला गेले नाहीत, आणि काही वर्षांनी मुंबईतच वारले.

जेटीवर माझ्या शेजारी बोटींची तिकिटं विकणारे पर्यटकांच्या मागे लागले होते. किल्ला, डॉल्फिन, किल्ला. मी उभीच. कौल खोटा नव्हता, हे मला तिथे कळलं. मी काही फार देवभोळी नाही, पण तसं बघितलं तर देवानं चोख उत्तर दिलं होतं. घरातली आणि बाईमाणूस. मी घरातली होते आणि बाईमाणूस होते. वय कुणी विचारलं नाही. सात वर्षांची पोर बाईमाणसांत धरायची हे कुणाच्या मनातही आलं नाही, आणि एका चोवीस वर्षांच्या बाईनं आपलं आयुष्य एका पाकळीवर घालवलं. कठडा उन्हानं तापला होता, तळहाताला चटका बसत होता, आणि मला तो बरा वाटत होता.

त्या दिवशी जेवताना मी ह्यांना सांगितलं की मी मेलबर्नला जात नाही. त्यांना आधी वाटलं मी सुईला घाबरले, म्हणून त्यांनी हसून घेतलं. मग वाटलं विमानाला घाबरले, म्हणून त्यांनी विमान कसं उडतं ते समजावलं, जे त्यांना ठाऊक नाही. ह्यांचं हे बरं आहे, बोलून काही होत नाही असं दिसलं की ते भांडी घासायला घेतात. मला सांगता आलं नाही. काय सांगणार होते, मी माझा भाऊ मारला आणि काकीला बाहेर घातलं, तेही फुंकर घालून? सत्तावन्न वर्षांच्या बाईच्या तोंडी हे वाक्य आणायचं कसं ते मला समजेना. लस घेतली की धोका कमी होतो हे मला वाचून कळलं होतं. मी काही अडाणी नाही. पण माझ्या मांडीचीच मला भीती बसली होती. बाळाला खाली वाकून बघायचं, त्याच्या टाळूचा वास घ्यायचा, आणि तोंड आपोआप फुंकर घालायला पुढे जायचं, हे मला दिसत राहायचं. मी पोळ्या लाटतानाही श्वास नाकानं घ्यायला लागले.

दोन दिवसांनी संचितानं व्हिडिओवर खोली दाखवली. भिंतीला फिकट पिवळा रंग, कोपऱ्यात पाळणा, आणि खिडकीजवळ हातांची एक खुर्ची. ही तुझी खुर्ची, म्हणाली, तुझी कंबर दुखते म्हणून मुद्दाम उंच घेतली. मी तिचं सगळं दाखवून होऊ दिलं आणि मग सांगितलं की बहुतेक माझं जमणार नाही, सीझन आहे, बुकिंगं आहेत. तिनं फोन पोटावर ठेवला असावा, कारण पडदा काळा झाला. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, मालवणीत. “आई, माका भय वाटता. तू ये गो.” संचिता सहसा असं म्हणत नाही. लहानपणी गुडघा फुटला तरी ती आधी माझं तोंड बघायची आणि मग रडायचं की नाही ते ठरवायची. मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला, आणि मागच्या दारी जाऊन नारळाच्या बुडाशी बसून रडले.

संचिताच्या तान्हेपणीची एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. ती पाच महिन्यांची असताना सावंतवाडीला नात्यात लग्न होतं. काकी आली होती, करड्या रंगाचं साधं लुगडं नेसून, मांडवाच्या खांबाला टेकून उभी. आमच्याकडच्या बायका तिच्याशी बोलत, पण मुलं कडेवर घेतलेल्या बायका दुसरीकडे वळत. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप व्हायचं. जेवणं झाल्यावर ती माझ्याकडे आली. तिनं विचारलं, काय नाव ठेवलास चेडवाचा? मी लेकीचं नाव सांगितलं. तिनं हात पुढे केला, संचिताच्या पायाला बोट लावायला असेल, आणि मी पदर ओढून संचिताला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. शिकलेली होते मी, बी.ए. झालेली, दृष्टबिष्ट मानत नाही असं सासरी ठणकावून सांगणारी. हात मात्र आपोआप गेला. काकीचा पुढे आलेला हात हवेत थांबला, आणि मग तिनं त्याच हातानं आपले केस सारखे केले, हात मुळी त्यासाठीच वर उचलला होता असं दाखवत. त्यानंतर तिला मी एकदाच भेटले, सहा वर्षांपूर्वी, आईच्या बाराव्याला. ती अंगणातच बसली होती. माझी आई मला मरेपर्यंत बायो म्हणायची. बाळा गेल्यावर तिनं विने म्हणणं सोडलं, कारण विनीत आणि विनीता यांतला अर्धा शब्द तिला पेलत नसावा. त्या दिवशी अंगणातून कुणीतरी विने म्हणून हाक मारली तेव्हा मला क्षणभर कळलंच नाही की ती मला आहे.

शनिवारी दवाखान्यातून डॉक्टर समीक्षांचा स्वतःचाच फोन आला. पोरगी पंचविशीची आहे, पण बोलते आजीसारखी. म्हणाली, मॅडम, तुमची लस मी मागवून फ्रीजमध्ये ठेवली आहे, तुमचं बारा तारखेचं विमान आहे, पुढच्या आठवड्याच्या आत घेतली तर दोन आठवडे मिळतील, नंतर घेऊन मग तिकडे जाऊन बसून राहावं लागेल. मी हो म्हणाले. रविवारी पाहुण्यांना आंबोळ्या घालून झाल्यावर मी ह्यांना सांगितलं की बांद्याला जाऊन येते. ह्यांनी का ते विचारलं नाही, एसटीचं वेळापत्रक काढून दिलं. सावंतवाडीला गाडी बदलावी लागते. शिमगा नुकताच उरकला होता, रस्त्याच्या कडेला काजूची झाडं लाल-पिवळ्या बोंडूंनी भरली होती, आणि खिडकीतून तो आंबूस वास येत होता. पर्समध्ये ते पत्रक होतं. सगळ्या वाटेवर मी वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य ‘काकी’ या शब्दाशी संपत होतं.

आपल्या भावाच्या घरी मागच्या पडवीत काकी ओल्या काजूच्या बिया फोडत बसली होती. ओल्या बीचा चीक लागला की कातडं जळतं, म्हणून हातांना राख लावलेली, तरी बोटं काळी पडलेली होती. पंचाहत्तरीला आलीय, पण पाठ ताठ. तिच्या भाचेसुनेनं, पूजानं, मला आत घेतलं आणि चहा ठेवायला गेली. काकीनं मान वर केली, डोळे बारीक करून बघितलं, आणि सुरी खाली ठेवली.

“विने? कोण गेला गो?”

न सांगता माणूस दारात आलं की आमच्याकडे हाच प्रश्न असतो. कुणी गेलं नाही म्हटल्यावर ती पुन्हा बिया फोडायला लागली, पण एक नजर माझ्यावर ठेवून. चहा झाला. ह्यांची चौकशी झाली, माझ्या गुडघ्यांची झाली, संचिताला कितवा लागला ते झालं. नववा म्हटल्यावर काकीनं नुसतं बरां म्हटलं आणि काही विचारलं नाही. मुलांबद्दल न विचारायची तिला सवय झाली होती. मग पूजा बाजारात गेली आणि पडवीत आम्ही दोघी उरलो. मी पत्रक काढलं आणि त्या दोन ओळी तिला वाचून दाखवल्या. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा वाचल्या. मग जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. “काकी, बाळाचा माज्यामुळे झाला. खोकलो माका होतो.”

तिनं हातातली बी फोडली, गर काढून ताटात टाकला. दुसरी घेतली, तीही फोडली.

“माका ठावक आसा,” म्हणाली.

कधीपासून, असं मी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, “तेवापासून. तुका आडुळसो कोण देय? मीच मा. घरात खोकलो आधी कोणाचो, नंतर कोणाचो, ह्या माज्यापेक्षा कोणाक ठावक?” आणि मग ती सावकाश, बिया फोडत फोडत बोलत गेली. तिच्या माहेरच्या शेजारी असंच एक मूल गेलं होतं, थोरल्याचा खोकला धाकट्याला लागून. आमच्याकडे बाळा खोकायला लागला तेव्हा तिनं आईला सांगितलं होतं, चेडवाकडे पोर देऊ नको, आणि आई तिच्यावर उखडली होती, तुला स्वतःचं नाही म्हणून माझ्या पोरांत भेद करतेस म्हणून. मग ती पुन्हा बोलली नाही. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण सगळं धुऊन निघालंय असंही ती भासवत नव्हती. पहिल्या वर्षी खूप राग आला, म्हणाली, सगळ्यांचा, तुझाही आला, खोटं कशाला सांगू. त्या लग्नात पोरीला पदराखाली घेतलंस तेव्हा घरी येऊन जेवले नाही. मी खाली मान घातली. ते तिला आठवत असेल असं मला वाटलंच नव्हतं. आपण केलेलं आपल्यालाच आठवतं असं आपण धरून चालतो.

देवळात का नाही बोललीस, मी विचारलं. माझा पुरता हुंदका फुटला होता. तिनं मला धरायला हात उचलले, चीक दिसला तसे परत मागे घेतले, आणि जवळ सरकून कोपरानं माझ्या पाठीवर थोपटायला लागली. कोपराचं हाड टोचत होतं. मला ते हललेलं नको होतं.

“बोलतलंय होतंय,” ती म्हणाली. “पाकळी पडली तसा तोंड उघडलंय पण. मगे तू खोकलंस. खाली बघलंय तर तुज्यो दोन वेण्यो, आणि नाक व्हावता.” तिचं कोपर थोपटतच राहिलं. “माका जावक म्हायार तरी होता, विने. तू खंय जातलंस?”

सात वर्षांची मी कुठे गेले असते. मागच्या परसात कुणीतरी गवत कापत होतं, त्याचा एकसारखा आवाज येत होता. मी तिच्या खांद्याला डोकं टेकून बसले होते, आणि त्या पोलक्याला राखेचा वास होता, पण खाली कुठेतरी तो जुनाच वास होता, धुराचा आणि आमसुलांचा. इतक्या वर्षांत मी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, ती गेल्यावर रडले, तिचे फोटो लावले. माझी आई माझी राहिली ती ह्या बाईनं गप्प बसून राखली म्हणून. हे मला तिला सांगता आलं नाही आणि तिला ते ऐकायचंही नव्हतं. तिनं विचारलं, मग लेकीकडे कधी जातेस. मी म्हटलं, भीती वाटते. मांडीवर घ्यायची भीती वाटते. काकीनं ताट बाजूला सरकवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सात वर्षांची झाले.

“सुय घेतल्यार खोकलो लागना नाय मा? तसाच लिवलाहा मा त्या कागदात?” मी होय म्हटलं. साधारण तसंच, डॉक्टर सांगतात तसं. “मगे घे आणि जा. तेवा सुय कोण देवक नाय होती आमका.”

नंतर ती उठली, राख धुवायला परसातल्या नळावर गेली. साबण लावून तिनं हात तीनदा धुतले, प्रत्येक बोट वेगळं, नखांच्या कडासुद्धा. परत येऊन पदराला पुसले आणि माझ्यासमोर बसली. पोर कधी घेऊन येणार ती इकडे, असं तिनं विचारलं. पुढच्या मे महिन्यात, मी म्हटलं, वर्षाचं झाल्यावर. काकी ताटातल्या बिया बघत राहिली. तिच्या तोंडावर एक लाजरं काहीतरी आलं, जे मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

“ती सुय म्हाताऱ्यांक देतत गो?”

देतात, मी म्हटलं.

“नाय, मी हात लावूचंय नाय. पण लांबसून बघूचा असला तरी घेवक लागता काय, म्हणान विचारतंय.”

“लांबसून नाय, काकी,” मी म्हटलं. “मांडयेर घेवक लागता.”

मी पर्समधून फोन काढला, डॉक्टर समीक्षांना लावला आणि सांगितलं की उद्या सकाळी येते, आणि फ्रीजमध्ये एक आहे ती ठेवा, आणखी एक मागवा, माझ्या काकीसाठी, वय पंचाहत्तर. तिकडून काहीतरी विचारलं जात होतं, बीपी, साखर, आणखी काही. मी वळून काकीला विचारायला गेले, तर तिनं पोलक्याची बाही खांद्यापर्यंत वर सारली होती आणि तो उघडा, गोरा, कधी उन्हात न आलेला दंड माझ्यापुढे धरून ती डोळे मिटून बसली होती.